वंश बुडालेली गाडी

कवडूभाऊ बैलाकडे आधी मागून बघायचे. बाजारात बैल विकायला आणणारा माणूस बैलाचं तोंड पुढे करायचा. शिंगांना तेल लावलेलं असायचं, गळ्यात घुंगरं असायची. कवडूभाऊ तिकडे बघायचेच नाहीत. ते मागे जाऊन उकिडवे बसायचे आणि बराच वेळ मागचे पाय बघत राहायचे. "समोरून सारेच बैल चांगले दिसते," म्हणायचे, "पळणारा बैल मागून ओळखा लागते."

माणसांच्या बाबतीतही त्यांचं हेच. माझ्या नणंदेला पाहायला पाहुणे आले, तेव्हा मुलगा परत निघाल्यावर कवडूभाऊ रस्त्यावर उभे राहून त्याची चाल बघत होते. मग आत येऊन माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "द्या पोरगी. पाय सरळ टाकते." दिली. संसार चांगला झाला. पण तो पायांमुळे झाला असं मी म्हणणार नाही.

आमचं गाव सिंदेवाहीपासून पाच-सहा कोसांवर. मागे तलाव, पुढे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची शेतं, बांध्या संपल्या की जंगल. मी लग्न होऊन आले तेव्हा कवडूभाऊंचं घर आमच्या घराला लागून होतं. मध्ये फक्त काट्यांचं कुंपण. त्या कुंपणातून मला त्यांचा कोठा, म्हणजे बैलांचा गोठा, दिसायचा, अंगण दिसायचं, आणि त्यांची बायको पुनाबाई काय बोलते ते सगळं ऐकू यायचं. पुनाबाईला हळू बोलता येत नव्हतं. आमच्याकडच्या बोलीत बायाही 'करतो', 'जातो' म्हणतात. त्यांची एक मुलगी होती, ती लग्न होऊन लांब गेली होती. घरात ही दोघं आणि बैल.

आमच्याकडे धान घरात आलं की गावोगाव शंकरपट भरतात. बैलांची जोडी, तिच्यामागे हलकी छकडी, छकडीवर एक माणूस आणि समोर सरळ लांब रस्ता. डोळे पुसेपर्यंत शर्यत संपते. छकडीवरून जोडी हाकणाऱ्याला धुरकरी म्हणतात. कवडूभाऊ धुरकरी होते. सिंदेवाहीपासून पार आरमोरीपर्यंत त्यांचं नाव होतं. एरवी हा माणूस इतका सावकाश की जेवायला बसले तर बाकीच्यांची भांडी घासून व्हायची. तलावावर गेले तर पुनाबाई म्हणायची, "आता उद्या येतीन." पण छकडीवर चढले की वेगळेच. हातात तुतारी, म्हणजे टोकाला खिळा असलेली काठी, सगळ्या धुरकऱ्यांसारखी त्यांच्याकडेही असायची. ती बैलाला लागलेली मात्र कोणी पाहिली नाही. ते नुसते तोंडानं आवाज करायचे. जोडी समजायची.

जोडीचं नाव पाखऱ्या आणि हिरा. हिरा विकत आणलेला. पाखऱ्या घरचा. त्याची आई तो चार दिवसांचा असताना मेली, तेव्हा पुनाबाईनं कापडाची बत्ती बकरीच्या दुधात भिजवून त्याला पाजली आणि वाढवला. मोठा झाल्यावरही तो कुणाच्या हाकेनं उठत नसे. कवडूभाऊंच्याही नाही. पुनाबाई कोठ्याच्या दारात उभी राहून "ऊठ बापा" म्हणाली की उठायचा. ती त्याला शिव्या द्यायची आणि तो मान पुढे करायचा.

पटाच्या जोडीला आमच्याकडे कोणी कामाला जुंपत नाही. ती खाते, पिते आणि वर्षातून थोडे दिवस पळते. सगळेच हे पाळायचे, पण अडीनडीला सूट घ्यायचे. कवडूभाऊ घेत नसत. एका वर्षी धान कापून बांधीत पडलं होतं आणि आभाळ भरून आलं. ज्याच्या त्याच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, शेताकडे धावत होत्या. कवडूभाऊंच्या कामाच्या बैलांतला एक खुरीनं लंगडत होता. कोठ्यात पाखऱ्या आणि हिरा जवसाची ढेप, म्हणजे पेंड, खात उभे. माझे सासरे म्हणाले, "जुंपा नं भाऊ. एक दिवसानं का होते?"

कवडूभाऊ म्हणाले, "पटाच्या बैलानं एकदा वझं ओढलं का त्याचे पाय वझं शिकते. मंग ते धाव विसरते."

आणि दिवसभर नवरा-बायकोनं धानाचे भारे डोक्यावरून वाहिले. पुनाबाई रस्त्यानं ओरडत चालली होती, "पाहा वं बायांनो! माह्या घरी बैल बसून खाते अन् मी बैलाचं काम करतो! यंदा मलेच झूल घाला अन् पटात पळवा!"

मागून भारा घेऊन येणारे कवडूभाऊ म्हणाले, "तू पळशील वं. पण थांबणार नाईस."

सगळा रस्ता हसला. संध्याकाळी पुनाबाई पाखऱ्याला पाणी दाखवत होती आणि म्हणत होती, "मेल्या, तुह्यापायी माही मान मोडली." आणि त्याची मान खाजवत होती.

ती गाडी पहिल्यांदा दिसली ती आमच्या गावच्या पटात. जंगलातल्या लाकडाचा एक ठेकेदार होता, तो गाडीतून पट बघायला आला. त्याचं नाव काही मी लिहीत नाही, आम्हीही त्याला ठेकेदारच म्हणायचो. जमीनदाऱ्या गेल्या तेव्हा कुठल्या जमीनदाराकडून त्यानं ती गाडी घेतली होती. आम्ही ट्रक पाहिले होते, जीप पाहिली होती, सिंदेवाहीला बस येत होती. पण ही गाडी वेगळी होती. निळी, बुटकी, लांब. पुढचं नाकच एवढं लांब की आत बैल मावावा. पाठ मागे उतरत गेलेली. नाकावर पितळी अक्षरांत इंग्रजी नाव होतं. ड्रायव्हर ते घ्यायचा, पण आमच्या तोंडात ते बसलं नाही. आम्ही तिला निळी म्हणायचो.

सगळी गर्दी गाडीच्या तोंडाशी. कवडूभाऊ मागे गेले आणि उकिडवे बसले.

ड्रायव्हर इस्माईल म्हणून होता, चांद्याकडचा, म्हणजे आताच्या चंद्रपूरकडचा. तो म्हणाला, "काय पाहता भाऊ? डिक्कीत काही नाही."

"पाय पाहून राह्यलो," कवडूभाऊ म्हणाले. "उभी आहे, पण पाय उचलून उभी आहे. किती पळते?"

"सडक साफ असली तर शंभर मैल. तुम्ही इथे बिडी पेटवा, विझायच्या आत मी सिंदेवाहीत."

"खोटं नाई?"

"खुदा कसम. तिच्या जमान्यात तिच्यापुढे जाणारी गाडी नव्हती."

"हिची बहीण, भाऊ कुठी असन?"

इस्माईल हसला. "कुठेच नाही. बनवणारी विलायतेतली कंपनीच बंद पडली, लढाईच्या आधी. आता अशी गाडी होत नाही. हिचा एक खिळा मोडला तर मिळत नाही. म्हणून तर मालक कंटाळला."

"म्हणजे वंश बुडाला?"

"बुडाला म्हणा."

कवडूभाऊ उठून पुढे आले. गाडीच्या नाकावर हात ठेवला. इंजिन गरम होतं, तरी हात काढला नाही. "एवढ्या जातवान जनावराचा?" एवढंच म्हणाले. त्यांच्या जोडीचं नाव पुकारलं गेलं ते त्यांना ऐकू आलं नाही. पुनाबाईनं जाऊन दंड धरून आणलं, "तुमचे बैल तिकडे आहे, लोखंडाले काय कवटाळून राह्यले?"

त्या दिवशी पाखऱ्या-हिरा पहिले आले. ठेकेदारानं ते पाहिलं.

मग आठ-दहा दिवसांनी ठेकेदार कवडूभाऊंच्या अंगणात आला. मी कुंपणाजवळ तांदूळ पाखडत होते. जंगलात त्याला जीप लागत होती, ही गाडी चिखलात रुतायची. आणि आता त्याला पटात नाव हवं होतं. गाडी घ्या, जोडी द्या, असा सौदा. कवडूभाऊंनी मुदत मागितली नाही की घरी विचारतो म्हटलं नाही. पुनाबाई तलावावर धुणं घेऊन गेली होती. ती आली तेव्हा कोठ्यात पाखऱ्या-हिराची जागा रिकामी आणि अंगणात निळी गाडी.

"बैल कुठी?"

"दिले."

"मले काऊन नाई विचारलं?"

"विचारलं असतं तं तू नाई म्हटलं असतं."

"मंग?"

पुनाबाई ओलं धुणं खांद्यावर घेऊन तशीच उभी होती, पाणी पाठीवरून गळत होतं. मग तिनं धुणं वाळत घातलं आणि कुंपणाशी येऊन मला म्हणाली, पण त्यांना ऐकू जाईल अशी, "मी त्या गाडीत पाय ठेवणार नाई. सांगून ठेवतो."

माझ्या सासऱ्यांनी कवडूभाऊंना समजावलं. तर कवडूभाऊ म्हणाले, "मामा, बैल पुन्हा होईन. पाखऱ्याचा भाऊ भेटन, पुतण्या भेटन. हिचं कोणी नाई." ते खरंच तसं मानत होते. हौस म्हणून किंवा मोठेपणासाठी त्यांनी गाडी घेतली असती तर मला समजलं असतं. त्यांनी ती अनाथ म्हणून घरात आणली, आणि घरात ज्याला आई नव्हती म्हणून वाढवलं त्या पाखऱ्याला देऊन टाकलं. हे त्यांना कोणी तोंडावर सांगितलं नाही. पुनाबाईनंसुद्धा नाही.

इस्माईल काही दिवस येऊन त्यांना गाडी शिकवून गेला. हात चांगला होता त्यांचा, इस्माईलच सांगायचा. जाताना तो म्हणाला, "भाऊ, एक ध्यानात ठेवा. हिला रोज चालवा. थोडी का होईना. उभी राहिली की ही मेली."

कवडूभाऊ हसले. "तुमी मोटरवाले गा. धावणाऱ्या जनावराचं तुमाले काय कळते? रोज चालवलं तं जोर कुठून राहीन तिच्यात?"

"भाऊ, हे जनावर नाही."

"असू दे. धावते नं?"

कोठ्याचं दार मोठं केलं. खाली तणस, म्हणजे धानाचा पेंढा, अंथरली, चाकांना ओल लागू नये म्हणून. अंगाला जवसाचं तेल चोळायचे. ती चकाकायची आणि संध्याकाळपर्यंत तिच्यावर धूळ चिकटून बसायची, की पुन्हा पुसणं. वरून हिराची झूल टाकलेली. पोरांना आत बसू देत नसत, पण पोरं मागून बघायला आली तर रागवत नसत. त्या वर्षी पोळ्याला त्यांनी गाडी ढकलत नेऊन बैलांच्या रांगेत उभी केली. पाटलानं विचारलं, "हे काय भाऊ?" कवडूभाऊ म्हणाले, "बैलाच्या बदल्यात आली. बैलाच्या जागी उभी राहीन." तोरणाखालून निळी गाडी गेली. लोकांनी तिलाही गूळ-पोळी दाखवली. कुठे दाखवायची ते कुणाला समजेना, तेव्हा पुढच्या दिव्यांना दाखवली. पुनाबाई पोळ्याला बाहेर आली नाही. दुसऱ्यांच्या बैलांना ओवाळायला बोलावलं, तर म्हणाली ताप आहे.

मी त्या गाडीत एकदा बसले आहे. होळीच्या सुमाराची गोष्ट, गाडी घरात येऊन थोडेच दिवस झालेले. कवडूभाऊंनी आमच्या घरच्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, आणि मला बसवलं आणि सिंदेवाहीच्या सडकेला घातली. वळण संपून सरळ रस्ता लागला तेव्हा त्यांनी तोंडानं तोच आवाज केला, पटातला, आणि गाडी सुटली. रस्त्याकडेची मोहाची झाडं अशी वेगळी वेगळी दिसेनात, एक भिंत झाली. आवाज फार नव्हता. आमच्या घरच्यांनी माझा हात धरला, जे ते कधी करत नसत. मला परतताना उलटी झाली. पण खोटं कशाला सांगू, पुन्हा तसं कशात बसले नाही. नंतर आगगाडीत बसले, बसमध्ये बसले, मुलाच्या मोटारीत बसले. तसं नाही.

घरी आल्यावर कवडूभाऊंनी चारी दारं उघडली, ओल्या फडक्यानं तिला पुसलं आणि सुपानं वारा घालत उभे राहिले, निवेपर्यंत. तोंड उजळलं होतं. आमच्या घरच्यांना म्हणाले, "पाहिलं? एकदाही जोर नाई लावला. अजून बहुत आहे तिच्यात." मग झूल टाकली. "आता पटाच्या वेळी."

त्यानंतर तिला कशाला काढायचं नाही. पाटलाच्या मुलाच्या वरातीला मागितली, नाही दिली. बाजाराला नाही, दवाखान्याला नाही. शेजारच्या म्हाताऱ्याचे डोळे दाखवायला चांद्याला न्यायचं होतं, त्यालाही नाही म्हणाले, आणि मग स्वतःच्या कामाच्या बैलांची बंडी जुंपून त्याला स्टेशनापर्यंत पोचवून आले. "ही पटाची आहे," एवढंच उत्तर. आमच्या घरच्यांनी एकदा विचारलं, "पण भाऊ, हिचा पट कुठी भरते?" कवडूभाऊ उठून तणस बदलायला गेले. त्यांना जपणं येत होतं, आणि तेवढंच येत होतं.

पावसाळा गेला. इकडे जोडीच्या बातम्या तुटक तुटक येत होत्या. ठेकेदारानं नवा धुरकरी ठेवला होता. दिवाळीनंतरच्या पहिल्याच पटात त्यानं तुतारी टोचली आणि पाखऱ्या रस्ता सोडून माणसांत घुसला. दुसऱ्या पटात जोडी उभीच राहिली, पळालीच नाही. लोक हसले. ठेकेदाराला हसणं सहन होईना. त्यानं दोन्ही बैल आरमोरीकडच्या जंगलात लाकडं ओढायला पाठवले. बाजारात हे कळलं तेव्हा कवडूभाऊ म्हणाले, "पाखऱ्या जातवान आहे. ओढणार नाई तो."

"ओढवतीन," पुनाबाई म्हणाली.

पौषात एक दिवस सकाळी जंगलातल्या कामावरून परतणारा एक गोंड मजूर आमच्या गावातून जाताना मुद्दाम थांबला. इस्माईलनं निरोप दिला होता. पाखऱ्याच्या मागच्या पायावर लाकूड घसरलं होतं. दोन दिवस तो पडून होता, उठत नव्हता, खात नव्हता. मालक म्हणतो, आज-उद्या पाहू, नाहीतर ओढून टाका. न्यायचा असेल तर लवकर या.

कवडूभाऊ अंगणात खाली बसले. पुनाबाई घरात गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात जवसाच्या ढेपेचं गाठोडं होतं आणि पायात चपला. ती सरळ कोठ्यात गेली, झूल ओढून खाली टाकली, गाडीचं मागचं दार उघडलं आणि आत बसली.

"काढा," ती म्हणाली. "माह्या हाकेनं उठन तो. दुपारच्या आत पोचवा मले. आज काढा तुमचा पट."

कवडूभाऊ उठले. मी त्यांना धावताना पाहिलं ते त्याच दिवशी. पुढे बसले, किल्ली फिरवली. काही झालं नाही. पुन्हा फिरवली. पुढचा लोखंडी दांडा घालून फिरवला, घामानं निथळले. आमच्या घरच्यांनी नाकाचं झाकण उघडलं. आत उंदरांनी घर केलं होतं. तारा कुरतडलेल्या, आणि सगळीकडे त्यांच्याच कोठ्यातली तणस भरलेली. मागचं एक चाक बसलं होतं. पोळ्याला ती ढकलत नेली तेव्हाच कोणाला कळायला हवं होतं. कोणाला कळलं नाही. सगळ्यांना वाटलं, मान म्हणून ढकलतात.

"ढकला," कवडूभाऊ म्हणाले. "उतारावर लागन."

सगळा मोहल्ला आला. तलावाच्या पाळीपर्यंत ढकलली. उतारावर सोडली. ती आवाज न करता खाली गेली, चिखलाशी थांबली. पुन्हा वर चढवली. ज्यांना वरातीला नाही म्हटलं होतं तेही ढकलत होते. कोणी टोमणा मारला नाही. म्हातारा, डोळेवाला, त्यानंही हात लावला. दोन बैल बांधून ओढून पाहिली. या सगळ्या वेळात पुनाबाई आत बसलेली होती, गाठोडं मांडीवर, समोर बघत. गाडी हलली की ती हलायची.

ऊन पार वर आलं. पुनाबाईनं दार उघडलं, खाली उतरली आणि पदर खोचला.

"बसलो मी तुमच्या गाडीत," ती म्हणाली. "आता पायी जातो."

ती आरमोरीच्या वाटेला लागली. कवडूभाऊ गाडीच्या चाकाशी उभे होते. मग त्यांनी कोणाकडे न बघता तिच्यामागे चालायला सुरुवात केली. कामाची बंडी जुंपून देतो म्हणून आमचे घरचे ओरडले, पण दोघंही मागे वळली नाहीत. रात्री कुठल्याशा गावात थांबून ती दुसऱ्या दिवशी पोचली.

तिथं काय झालं ते मला पुनाबाईनं एकदाच सांगितलं, आणि फार थोडं. पाखऱ्या नाल्याजवळ पडला होता. पोट अजून गरम होतं. "हात लावला मी," ती म्हणाली. "गरम होता वं." आणि खांद्यावर जुवाचा घट्टा पडला होता. ज्याच्या अंगावर तिनं कधी गवताची पेंडी ठेवू दिली नव्हती, त्याच्या खांद्यावर. "बहुत ओढलं त्यानं," म्हणाली. बस. इस्माईलनं मालकाला न विचारता हिराचं दावं सोडून तिच्या हातात दिलं. ठेकेदारानंही नंतर मागितला नाही.

तिनं नवऱ्याला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आम्ही सगळे वाट पाहत होतो. तिनं दिल्या नाहीत. तिचं मोठ्यानं बोलणंच बंद झालं. कुंपणाच्या इकडे मला त्यांच्या घरातलं काही ऐकू येईनासं झालं, आणि काय सांगू, मला झोप लागेना.

कवडूभाऊंनी गाडी कोठ्यातून बाहेर ढकलली आणि हिराला आत बांधलं. गाडी चिंचेखाली उभी राहिली. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. पटाला ते पुन्हा गेले नाहीत. कोणी बैल दाखवायला आणला तर म्हणायचे, "मले नाई कळत गा. दुसऱ्याले दाखवा." एकदा जंगल खात्यातला एक साहेब दौऱ्यावर आला होता, त्यानं चिंचेखाली गाडी पाहिली आणि जीप थांबवली. फिरून फिरून बघत होता. अशी गाडी देशात सापडायची नाही, म्हणत होता, नीट करता येईल, मला द्या. कवडूभाऊ हळूच म्हणाले, "न्यायची तं न्या. पण शनवारी या. शनवारी हे बाजारात जाते." हे म्हणजे पुनाबाई. साहेब हसला, येतो म्हणाला. शनिवारी कवडूभाऊ सकाळपासून रस्त्याकडे बघत बसले होते. तो आला नाही.

पुढे आमच्या घरच्यांना चांद्याकडे कोळशाच्या खाणीत काम लागलं आणि आम्ही गाव सोडलं. भांडीकुंडी बंडीत घालून सिंदेवाहीच्या स्टेशनाकडे निघालो. शनिवार होता. अर्ध्या वाटेवर समोरून त्यांची बंडी आली. एका बाजूला हिरा, दुसऱ्या बाजूला त्यांचा एक कामाचा बैल. हिराला ओढायची सवय झाली होती, मान खाली घालून चालला होता. बंडीत पुनाबाई एकटी बसली होती, तोंड मागे करून. कवडूभाऊ बैलांच्या पुढे पायी येत होते, धुळीत.

आमच्या घरच्यांनी विचारलं, "काऊन पायदळ गा भाऊ?"

"बैल थकते," कवडूभाऊ म्हणाले.

पुनाबाईनं माझ्याकडे पाहून हात वर केला. मीही केला. बंडी निघून गेली, आणि मी तोंड वळवून बघत राहिले. तिच्या शेजारी मिठाची एक पुडी होती आणि बाकी सगळी जागा रिकामी होती.